आखणी सुटते तेव्हा

गणपतीच्या कारखान्यात डोळे सगळ्यात शेवटी आखतात. माती मळणं, साच्यातून मूर्ती काढणं, सफेदी, अंगाचा रंग, पितांबर, इथपर्यंत घरातली पोरंसुद्धा हात लावतात. डोळ्यांच्या वेळी मात्र ज्याचा हात बसलेला आहे तोच पुढे होतो आणि बाकीचे बोलायचे थांबतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात हे काम मास्तरांचं होतं. ते शाळेत ड्रॉइंग शिकवत. निवृत्त झाल्यावरही सगळे त्यांना मास्तरच म्हणत. मी नववीत होतो त्या वर्षी त्यांनी आखणीचा कुंचला पुतण्याच्या हातात दिला. हात थरथरायला लागला होता. मास्तरांचं आता झालं, असं गावानं त्याच चतुर्थीला ठरवून टाकलं.

त्यानंतर मास्तर अकरा वर्षं जगले आणि अकराही वर्षं चित्रं काढत राहिले. त्यांची मी पाहिलेली सगळ्यात चांगली चित्रं त्या अकरा वर्षांतली आहेत. आपल्या माणसाबद्दलची माया यात नाही असं मी म्हणणार नाही, पण माया बाजूला ठेवून कागद समोर धरला तरी माझं मत बदलत नाही. खेड्यात राहून व्यक्तिचित्रं आणि निसर्गचित्रं काढणाऱ्या चित्रकाराचं उतारवय आपण ‘उरलेली वर्षं’ म्हणून मोजतो. ही मोजणीच चुकीची आहे, आणि तिच्यामुळे आपण खरोखरीचं काही गमावतो आहोत, हे मला मांडायचं आहे.

अशा चित्रकाराचं पोट कशावर चालायचं ते आधी सांगायला हवं. श्रावणात गणपती. देवळाच्या उत्सवात नाटक असलं की पडदे: एक रस्ता, एक जंगल, एक राजवाडा. दुकानांच्या पाट्या. ग्रेड परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या शिकवण्या. आणि तसबिरी. घरातलं मोठं माणूस गेलं की वर्षश्राद्धाच्या आत भिंतीवर तसबीर हवी असे. घरात असायचा तो लग्नातला एखादा समूह-फोटो, त्यात अंगठ्याच्या नखाएवढा चेहरा. मास्तर त्यावर बारीक चौकटी पाडायचे, मोठ्या कागदावर तितक्याच मोठ्या चौकटी पाडायचे आणि चेहरा घरोघर पोचवल्यासारखा एकेका चौकटीतून पुढे न्यायचे.

बायकांचे तर फोटोच नसत. मग ते लेकींना, भाच्यांना समोर बसवायचे. नाक कोणाच्या वळणावर? कुंकू केवढं लावायची? हसताना ओठ मिटलेले असायचे का? माझ्या पणजीची तसबीर अशी साक्षीपुराव्यानं झालेली आहे. ती पणजीसारखी दिसते का, हे सांगणारं आज कोणी हयात नाही. आमच्या घरापुरती ती पणजीच आहे. मोबदल्यात कधी पैसे, कधी तांदूळ, कधी नारळ.

तसबिरीचा करार साधा असतो: ओळख पटली पाहिजे. घरची माणसं कडेला उभी राहून बघतात, ‘हनुवटी जरा पुढे होती’ म्हणतात आणि ती पुढे घ्यावी लागते. या करारात सगळं रेषेवर उभं असतं. पापणीची कड, ओठाचा कोपरा, नाकपुडीची सावली एका केसाएवढी हलली तर भलताच माणूस भिंतीवर जातो.

निसर्गचित्राशी असा कोणाचा करार नव्हता. रविवारी सायकलच्या कॅरियरला बोर्ड बांधून मास्तर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, किंवा खाडीकडे जात, आणि आणलेला कागद पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून देत. कोणी मागत नव्हतं, कोणी पैसे देत नव्हतं. माडाचं चित्र विकत कशाला घ्यायचं, माड तर दारातच आहे, हा गावाचा प्रामाणिक प्रश्न होता. म्हणजे पन्नास वर्षं एका माणसाच्या हातून दोन प्रकारची चित्रं होत होती. एकावर घर चालत होतं आणि गाव त्याला ओळखत होतं. दुसरं त्याच्या एकट्याचं होतं. म्हातारपणी पहिलं सुटलं. फोटो मोठा करून देणारे स्टुडिओ बाजारपेठेत आले, मागोमाग हात थरथरला. गावानं पहिल्याच्या शेवटाला चित्रकाराचा शेवट मानलं.

आपली ही नजर किती खोल रुजलेली आहे, याचं एक मोठं उदाहरण आपल्याच मुलखातल्या माणसाचं आहे. सावळाराम लक्ष्मण हळदणकर १८८२ साली सावंतवाडीत जन्मले. हे संस्थान विलीनीकरणानंतर रत्नागिरी जिल्ह्यात आलं आणि १९८१ मध्ये नव्या सिंधुदुर्गात गेलं. हळदणकरांनी १९०८ साली मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली. व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्र, तैलरंग आणि जलरंग, सगळ्यांवर त्यांचा हात सारखाच चालायचा. हातात समई, दुसरा हात ज्योतीआड आणि बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड, असं त्यांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. समोर उभी आहे ती त्यांची स्वतःची मुलगी. कॅलेंडरांवर आणि छापील प्रतींवर हे चित्र लाखो लोकांनी पाहिलं, आणि त्यातल्या कितीतरी जणांनी ते राजा रविवर्म्याचं म्हणून पाहिलं.

रविवर्मा १९०६ साली वारले. हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं आहे. रविवर्म्याची ख्याती तैलरंगाची; हे चित्र आहे जलरंगात, जिथे एकदा चुकलेला उजेड परत मिळत नाही. साठी ओलांडलेल्या माणसानं आयुष्यभराची कमाई एका कागदावर लावली आणि आपण ती चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या दुसऱ्याच्या खात्यावर जमा केली. लोक अडाणी होते म्हणून हे घडलं, असं मला वाटत नाही. आपण चित्रात बाई पाहतो, समई पाहतो, साडीचा काठ पाहतो. रंग कागदावर ठेवणारा हात पाहायची सवय आपल्याला कोणी लावलेली नाही. चित्र इतकं हुबेहूब की हात दिसेनासाच होतो, आणि ज्याचा हात दिसत नाही त्याचं नावही मग कोणाचंही चालतं. जी नजर जलरंग आणि तैलरंग यांत फरक करत नाही, ती खेड्यातल्या म्हाताऱ्याच्या ओल्या, अर्धवट वाटणाऱ्या कागदासमोर थांबेल कशी?

त्या कागदावर काय घडत होतं ते मला जमेल तितकं नेमकं सांगतो, कारण पाण्याची बादली धरायला मी सोबत असायचो.

आखणी होती तोवर मास्तर आधी पेन्सिलीनं सगळं मांडायचे. होडीचा नाळ, माडाच्या झावळ्या, पलीकडच्या देवळाचा कळस. मग त्या रेषांच्या आत रंग. चित्रं नेटकी होत, शाळेच्या प्रदर्शनात बक्षिसं मिळवतील अशी. हात थरथरायला लागल्यावर पेन्सिल निरुपयोगी झाली. मग ते पूर्ण कागद स्पंजानं भिजवायचे, बोर्ड तिरका धरायचे, रुंद ब्रशनं आभाळ वरून सोडायचे आणि थांबायचे. रंग आपण होऊन खाली उतरायचा. कुठे थांबवायचा एवढंच त्यांच्या हातात होतं, आणि ते बोर्ड आडवा करूनही साधतं. त्याला स्थिर बोटं लागत नाहीत. लागतो तो अंदाज: आज हवेत ओल किती, कागद किती प्यायला, वारा जमिनीवरून येणारा मतलई आहे की समुद्रावरून येणारा खारा. मे महिन्यात वॉश बघता बघता सुकतो, श्रावणात अर्धा तास सुकत नाही. हा अंदाज पन्नास वर्षं त्याच हवेत बसल्याशिवाय येत नाही. विशीतल्या स्थिर हाताकडे तो असूच शकत नाही.

आणि इथला विषयच असा आहे, की रेषेत पकडायला गेलं तर निसटतो. जांभा दगड घ्या. वैशाखात तो धुळकट तपकिरी असतो. पहिल्या पावसात तासाभरात काळपट लाल होतो. ऑगस्टात त्यावर शेवाळ चढतं. पाऊस ओसरता ओसरता त्याच सड्यावर सीतेच्या आसवांची फुलं निळी-जांभळी पसरतात. मृगात समुद्र आणि आभाळ यांच्यात क्षितिजाची रेघच नसते. जिथे रेघ नाही तिथे ती काढणं ही तरुणपणीची सक्ती होती. तिच्यातून सुटका झाली ती आजारपणामुळे, हे खरं. पण सुटका झाली हेही तितकंच खरं.

यात मी म्हातारपणाच्या दुबळेपणाला उगाच मखरात बसवतो आहे, असा आक्षेप कोणी घेईल, आणि त्याचं वजन मी नाकारत नाही. थरथर ही काही प्रतिभा नव्हे. उतारवयातली बरीचशी चित्रं खरंच कमी पडतात: तीच होडी, तोच माड, तोच केशरी सूर्य, हॉटेलच्या भिंतीसाठी डझनावारी. अशी चित्रं मी पाहिली आहेत आणि ती काढणाऱ्यांची गरजही मला कळते. पण तोच विषय पुन्हा पुन्हा घेणं हा मात्र दोष नव्हे. माणूस अजून पाहायला जातो की नुसता आठवणीतला साचा ओततो, यावर सगळं ठरतं. मास्तरांच्या खाडीच्या चित्रांत दोन कागदांवरचं पाणी एकसारखं नाही.

फ्रेंच चित्रकार सेझानचं उदाहरण इथे आणावंसं वाटतं. पॅरिसच्या धावपळीतून तो दक्षिण फ्रान्समधल्या आपल्या जन्मगावी, एक्सला परतला आणि शेवटची वर्षं सेंत-व्हिक्त्वार हा एकच डोंगर पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. शेवटच्या जलरंगांत तर कितीतरी कागद कोराच सोडलेला आहे. १९०६ च्या ऑक्टोबरात उघड्यावर चित्र काढताना तो पावसात भिजला आणि त्या आजारातून उठला नाही, वय ६७. रविवर्मा गेले तेही त्याच ऑक्टोबरात. सेझानचं ते शेवटचं, ‘अपुरं’ दिसणारं काम पुढच्या पिढीतल्या चित्रकारांनी आपल्या कामाचा पाया मानलं. अर्थात सेझानमागे बँकर बापाची मालमत्ता होती, आमच्या मास्तरांमागे पेन्शन. गावाबाहेर त्यानं शेवटी बांधलेला स्टुडिओ मात्र आज लोक बघायला जातात. ते जपणं काही बापाच्या पैशानं जमलेलं नाही.

आपल्याकडे उतारवयाला मान मिळाल्याचं उदाहरण नाही असंही नाही. प्रल्हाद अनंत धोंड १९०८ चे, जुन्या रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वाढलेले. जे. जे. कलाशाळेत शिकले, तिथेच शिकवलं, तिचे प्रमुख झाले. २००१ साली गेले. म्हणजे निवृत्तीनंतर तीस वर्षांहून जास्त काळ त्यांना मिळाला. त्यांचे समुद्र पाहिले की मास्तर काय करू बघत होते ते मला नीट समजतं. रुंद, ओले, मोजके फटकारे, भरपूर मोकळा कागद, किनाऱ्यावर माणसं म्हणून टेकवलेले दोन-चार ठिपके. त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला ‘रापण’ हे नाव दिलं. किनाऱ्यावरच्या दोन रांगांनी मिळून ओढायचं ते जाळं ज्यानं लहानपणी पाहिलं आहे त्यालाच ते सुचेल. पण धोंड मुंबईत होते. गॅलऱ्या, विद्यार्थी, समीक्षक आणि चित्रं विकत घेणारे लोक त्यांच्या आसपास होते. कोकणाचा समुद्र आपण मान्य केला तो मुंबईच्या भिंतीवर लागल्यावर. जो समुद्रापाशीच राहिला, त्याच्याकडे कोण बघणार?

कोल्हापूरच्या आबालाल रहमान यांचं उदाहरण तर सगळ्यांनाच माहीत आहे, आणि माझ्या मते आपण ते चुकीच्या कारणासाठी लक्षात ठेवलं आहे. जे. जे.मध्ये शिकलेला, शाहू महाराजांचा आश्रय लाभलेला हा थोर चित्रकार शेवटची वर्षं कोटितीर्थाकाठी फकिरासारखा राहिला. पंचगंगा, रंकाळा, कोटितीर्थाचं पाणी रंगवत राहिला. १९३१ साली गेला. महाराज १९२२ मध्ये वारले तेव्हा दुःखाच्या भरात आबालालांनी हजारो चित्रं तळ्यात बुडवली, असं सांगतात. ही कथा आपण फार आवडीनं सांगतो. तिच्यात चित्रकार वेडा ठरतो, तळं दोषी ठरतं आणि आपण सुटतो. बुडाली नाहीत त्या चित्रांचं पुढे काय झालं, ती कोणाच्या माळ्यावर होती, किती पावसाळे त्यांच्यावरून गेले, हे विचारायची वेळच येत नाही. खेड्यापाड्यांतल्या बहुतेक चित्रकारांची चित्रं कुठल्याही तळ्यात गेलेली नाहीत. ती कसरीनं खाल्ली, वाळवीनं खाल्ली, बुरशीनं डागाळली.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जूनपासून पुढे चार महिने भिंती घाम सोडतात. अशा भिंतीला टेकून लावलेली फ्रेम म्हणजे कागदाला दिलेली शिक्षाच. चित्र काचेला चिकटतं, मागच्या पुठ्ठ्यातलं आम्ल कागदात उतरून तो पिवळा पडतो, मग ठिपके येतात. हे टाळायला फार काही लागत नाही: आम्लमुक्त माउंट, काच आणि कागद यांत फट, फ्रेमच्या मागे चार बुचांचे तुकडे म्हणजे वारा फिरेल, बाहेरची भिंत टाळायची, आणि पाऊस संपला की चित्रं बाहेर काढून सावलीत वारं द्यायचं. घरात पापड-कुरडयांचे डबे आपण याहून जास्त काळजीनं सांभाळतो, कारण त्यांची किंमत आपल्याला माहीत असते.

जपणं या जिल्ह्याला जमत नाही असं म्हणायची सोय नाही. टिळकांचं जन्मघर रत्नागिरीत राखलेलं आहे. मालगुंडला केशवसुतांचं घर आणि स्मारक आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेनं १९९४ मध्ये ते उभं केलं आणि शाळांच्या सहली तिथे जातात. थिबा राजवाड्यात सरकारी संग्रहालय आहे. सड्यांवरची कातळशिल्पं, हजारो वर्षांपूर्वी कुणा अनाम हातांनी कोरलेले हत्ती नि मासे, गेल्या काही वर्षांत गावोगावच्या लोकांनी शोधली, साफ केली, भोवती दगडांची कड केली. २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ज्या सड्यावर अनाम हाताचा हत्ती आपल्याला दिसायला लागला, त्याच सड्याचा शंभर वेळा रंगवलेला कागद दिसू नये, याचं मला खरंच वाईट वाटतं. दगड टिकला म्हणून त्याला वाट बघता आली. कागदाला तेवढा वेळ नाही.

देवरुखला लक्ष्मीबाई पित्रे यांच्या नावाचं कलासंग्रहालय आहे, सावर्ड्याला सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट आहे. दोन्हीकडून तालुक्यातल्या कुठल्याही वाडीवर एका दिवसात जाऊन येता येतं. कलेचे विद्यार्थी सुट्टीत आपापल्या गावच्या निवृत्त ड्रॉइंग मास्तरांच्या घरी गेले, ट्रंका उघडल्या, कागद एकेक करून उजेडात धरले, मागची नोंद वहीत उतरवून घेतली आणि फोटो काढले, तर पाच वर्षांत या जिल्ह्याचा एक वेगळाच इतिहास हाती येईल. मास्तर हयात असतील तर त्यांनाच विचारता येईल, कुठला आधीचा, कुठला नंतरचा, कुठला त्यांना स्वतःला आवडतो. हे विचारायला आलेला एक माणूस म्हातारपणी किती पुरतो, ते मी पाहिलं आहे.

महामार्ग रुंद होताना पडलेले वड, चिऱ्याच्या खाणींनी खोदलेले सडे, कलमांसाठी सुरुंग लावून फोडलेला कातळ, हे सगळं त्या कागदांवर जसं होतं तसं असेल, हा फायदा आहेच. पण नुसता पुरावा म्हणून ते जपावेत, हे मला पुरेसं वाटत नाही. पुरावा कॅमेऱ्यानंही देता येतो. एक माणूस एकाच खाडीकडे साठ वर्षं पाहत राहिला की त्याला शेवटी काय दिसायला लागतं, हे फक्त त्या कागदावर आहे.

मास्तरांना शेवटी मोतीबिंदू झाला. ऑपरेशननंतर घरी आल्यावर त्यांनी ट्रंक उघडायला लावली आणि मागच्या दोन वर्षांचे कागद पाहिले. आभाळं पिवळी होती. “एवढं पिवळं मी केव्हा केलं?” असं म्हणून ते बराच वेळ बघत राहिले. फ्रेंच चित्रकार मोनेचं हेच झालं होतं. १९२३ मध्ये, ८२ व्या वर्षी त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि आधीची काही चित्रं त्यानं पुन्हा रंगवायला घेतली. मास्तरांनी कशाला हात लावला नाही. “तेव्हा तसंच दिसत होतं,” म्हणाले, आणि प्रत्येक कागदाच्या मागे ‘ऑपरेशनच्या आधी’ असं लिहून ठेवायला मला सांगितलं. अक्षर माझं आहे.

ते गेल्यावर त्यांच्या घरच्यांनी ट्रंकेतले चाळीसेक कागद मला दिले. दर कार्तिकात मी ते पडवीत सतरंजीवर पसरतो. प्रत्येकाच्या मागे त्यांनी जागा, वेळ आणि पाणी लिहिलेलं आहे: खाडी, सकाळ, ओहोटी. सडा, साडेपाच, मळभ. काहींवर दोन शब्द जास्तीचे आहेत, ‘घाई केली’ किंवा ‘कागद सुकला’. शेवटच्या कागदावर वर आभाळ आहे, भरून आलेलं, आणि खालचा अर्धा भाग कोरा. मागची अक्षरं वाकडीतिकडी, पण लागतात: आभाळ जमलं. पाणी नाही. उद्या पुन्हा.